पहिलीतली कोरकू मुले आणि मराठीचे पुस्तक : वर्गात नेमके काय करावे

शिक्षकांकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मेळघाटातल्या (जि. अमरावती) धारणी तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकत्र, पट २४. त्यातली १९ मुले घरी कोरकू बोलतात. शिक्षकांना कोरकू येत नाही, कोरकूचे पुस्तक हाताशी नाही, आणि वरून सूचना अशी की वर्गात मराठीच बोलली गेली पाहिजे. मुले फळ्यावरचे पाहून सुरेख उतरवतात, काही जण अक्षरेही ओळखतात. पण धडा वाचून झाल्यावर त्यात काय होते, हे एकालाही सांगता येत नाही. कोरकूतून शिकवावे की मराठी वाढवावी?

दोन्ही करा, पण वेगवेगळ्या वेळी. ‘गरज पडेल तिथे मातृभाषेचा आधार घ्या’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात मिळतो आणि वर्गात गेल्यावर त्याचे मातेरे होते. कारण गरज प्रत्येक वाक्याला पडते. मग एक वाक्य मराठीत, त्याचा अर्थ कोरकूत, पुन्हा मराठी, पुन्हा कोरकू असे सुरू होते. मूल चार दिवसांत ओळखते की आपल्या कामाचा भाग दुसरा आहे. पहिला भाग सुरू असताना ते खिडकीबाहेर बघते. वर्षभर मराठी कानावर पडूनही ती येत नाही, याचे सगळ्यात मोठे कारण हेच. कोरकूला वेळापत्रकात स्वतःची तासिका, स्वतःची माणसे आणि स्वतःचे काम मिळाले पाहिजे. मराठीलाही तसेच. मराठीच्या तासाला भाषांतर बंद.

कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे; संथाली, मुंडारी, हो या तिच्या नात्यातल्या. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार आहे, आणि ते मुख्यतः मध्य प्रदेशात आणि आपल्या मेळघाटात आहेत. मराठीतले, हिंदीतले शब्द तिच्यात भरपूर आले असले तरी मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. म्हणून ‘पोर हुशार आहे, ऐकून ऐकून येईल मराठी’ हा हिशेब वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाबाबत बऱ्यापैकी जमतो, इथे जमत नाही. मात्र सगळेच परके नाही. कोरकूतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद कोरकूतही आहे, त्यामुळे हिंदी भाषक मोठ्या माणसाला जिथे अडखळायला होते तिथे हे मूल सहज पुढे जाते. अडते ते लिंगापाशी. कोरकूत भेद आहे तो सजीव-निर्जीवाचा. तो-ती-ते अशी तिहेरी विभागणी नाही. तेव्हा ‘माझा आई’ ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. ती दुरुस्त व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि रागावल्याने त्यात एक दिवसही कमी होत नाही.

सुरुवात पाहणीने करा. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीच्या, नोंदीत मातृभाषेचा रकाना असतो, पण तो भरताना घाईत सगळ्यांपुढे ‘मराठी’ पडते. त्यावर विसंबू नका. प्रत्येक मुलासाठी एक कागद घ्या : आईशी कोणती भाषा, आजीशी कोणती, भावंडांशी कोणती, खेळताना कोणती. हे मुलाला न विचारता घरी जाऊन किंवा अंगणवाडी ताईंकडून काढा. मग मुलाला एकटे बोलावून मराठीत दहा सूचना द्या. दार लाव. पाटी मला दे. खिडकीपाशी जा. पुस्तक दप्तरात ठेव. डोळे मीट. सूचना देताना आपले हात मागे बांधा आणि नजर मुलाच्या चेहऱ्यावरच ठेवा. आपण नकळत दाराकडे पाहतो आणि मूल आपली नजर वाचते. एकटे बोलवायचे कारणही तेच, समूहात एक उठला की सगळे उठतात. तीनपर्यंत सूचना कळल्या तर पहिला गट, चार ते सात दुसरा, आठ किंवा जास्त तर तिसरा. शेवटी एक गजबजलेले चित्र दाखवा, बाजाराचे किंवा शेताचे, आणि हवे त्या भाषेत सांगू द्या. कोरकू कळणारे कोणीतरी शेजारी बसलेले असावे. एखादे मूल कोरकूतही गप्प राहिले तर ते लाजाळू असेल किंवा त्याला कमी ऐकू येत असेल. कानाची तपासणी आधी करा. ‘भाषेची अडचण’ या सदरात कमी ऐकू येणारी मुले वर्षानुवर्षे लपून राहतात.

आता माणूस. तुम्हाला कोरकू येत नाही, तर ती येणारे कोणीतरी रोज चाळीस मिनिटे वर्गात हवे. अंगणवाडी मदतनीस, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, गावातली दहावी-बारावी झालेली मुलगी, शाळा व्यवस्थापन समितीतले कोणी. शिक्षण कमी असले तरी चालते. गोष्ट सांगता आली पाहिजे आणि मुलांवर ओरडायची सवय नसावी. सहावी-सातवीच्या मुलांना बसवू नका, त्यांचा अभ्यास बुडतो आणि ती लहानांवर दादागिरी करतात. मानधनाचा प्रश्न येतोच. धारणी आणि चिखलदरा दोन्ही अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसाच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) ५ टक्के अबंध निधीत शिक्षण हा एक विषय आहे. ग्रामसभेत ठराव मांडून बघा. फुकट काम जून ते दिवाळी टिकते, पुढे नाही.

तुम्ही स्वतः कोरकू शिकायची ती शिकवण्यासाठी नाही, मुलाचे ऐकण्यासाठी. काय, कोण, कुठे, का, पुन्हा सांग, दुखतंय का, भूक लागली का, घाबरू नकोस अशी पन्नासेक वाक्ये दोन महिन्यांत येतात. मुले चुका काढतील आणि हसतील. हसू द्या, त्या वर्गात मराठी चुकायलाही मग भीती राहत नाही.

वेळापत्रकाचा साचा असा. भाषेसाठी दिवसाला साधारण ९० मिनिटे मिळतात असे धरू. पहिल्या सत्रात चाळीस मिनिटे कोरकू : पंधरा गोष्ट-गप्पांची, पंचवीस वाचन-लेखनाची. तीस मिनिटे मराठी, आणि ती फक्त तोंडी. उरलेली वीस चित्रे काढणे, पुस्तके चाळणे, गाणी यांना. दुसऱ्या सत्रात कोरकू तीस, मराठी चाळीस. दुसरीच्या मुलांना पहिल्या महिन्यात पहिलीच्याच चक्रात फिरवा; बहुतेकांचा पाया तिथेच कच्चा असतो. दोन्ही भाषांची जागा वेगळी ठेवा. कोरकूला सतरंजीवर गोल, मराठीला फळ्यासमोर. बारीक गोष्ट आहे, पण मुलाला कोणत्या भाषेची वेळ आहे हे न सांगता कळते आणि मोठ्या माणसांनाही भाषांतराचा मोह आवरता येतो.

मराठीच्या तासाकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथेच बहुतेक जण घाई करतात. पहिल्या सत्रात फळ्यावर एकही मराठी अक्षर नको. सूचना आणि कृती यांनी सुरुवात करा : बस, ऊठ, चाल, थांब, धर, ठेव, दे, घे. ‘उभा राहा’ सुरुवातीला टाळा, कारण मुलगी असली की ‘उभी’, आणि पहिल्याच दिवशी लिंगाचा गुंता. आज्ञार्थाचे छोटे रूप मुलगा-मुलगी दोघांना सारखेच चालते, म्हणून ते दार सगळ्यात सोपे. आधी तुम्ही म्हणा आणि स्वतः करा; मग तुम्ही म्हणा, सगळ्यांनी करायचे; मग तुम्ही म्हणा आणि करू नका, मुलांनी करायचे; मग एकेकाने. मुलांनी बोलायचा आग्रह धरू नका. चार-सहा आठवडे मूल ऐकून बरोबर कृती करते आणि तोंड उघडत नाही, हे अगदी नेहमीचे आहे. ते शिकते आहे. ‘म्हण बरं माझ्या मागून’ केले की ते म्हणेल, आणि तुम्हाला वाटेल आले. उद्या तोच शब्द वस्तूसमोर ओळखता येणार नाही.

आठवड्याला बारा ते पंधरा नवे शब्द, एका विषयाचे. शरीर, स्वयंपाकघर, गुरे, पाऊस, बाजार. त्याच आठवड्याच्या प्रत्येक दिवशी ते फिरून आले पाहिजेत, आणि पुढच्या आठवड्यात त्यातले निम्मे नव्या वाक्यात यावेत. नाम एकटे देऊ नका. तो पाय, ती चूल, ते बोट असे जोडीने द्या. पण त्यावर परीक्षा घेऊ नका. दुसरी खबरदारी सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना नामाच्या बदलणाऱ्या रूपाची, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते कारण आपल्याला ती दिसतच नाही. आपल्याला ‘पाणी’ आणि ‘पाण्यात’ हा एकच शब्द वाटतो. मुलाला ते दोन वेगळे शब्द ऐकू येतात. शाळा-शाळेत, मासा-माशाला, विहीर-विहिरीवर, दगड-दगडाखाली. म्हणून प्रत्येक नव्या नामाबरोबर वस्तू हातात घेऊन आत, वर, खाली, जवळ यांचा खेळ करा. दगड पेटीत. दगड पेटीवर. दगड पेटीखाली. पाचच मिनिटे, पण रोज. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांत मूळ रूपातले नाम थोडे आणि प्रत्यय लागलेले फार. ‘इतके शब्द शिकवले तरी धडा कळत नाही’ यामागे बऱ्याचदा हेच असते.

काळांचा क्रमही विचाराने लावा. आज्ञार्थ, मग ‘मी खातो-मी खाते’, मग ‘आहे-नाही’. भूतकाळ शक्य तितका उशिरा, कारण मराठीत भात खाल्ला, भाकर खाल्ली, फळ खाल्लं. क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघते. मराठी मुले हे घरातून घेऊन येतात. कोरकू मुलाला त्यासाठी आधी भात-भाकर-फळ यांची लिंगे पक्की हवीत. आणि नेमक्या गोष्टी भूतकाळात असतात! त्यामुळे मराठी गोष्ट सांगायची तर सुरुवातीला चित्रावर बोट ठेवून चालू काळात सांगा : कोल्हा येतो, वर बघतो, द्राक्षे दिसतात, उडी मारतो. दिवाळीनंतर तीच गोष्ट भूतकाळात सांगा. मराठीच्या तासाला नव्या गोष्टीपेक्षा ओळखीची, कोरकूत आधी ऐकलेली गोष्ट फार बरी. आशय माहीत असतो, म्हणून कान भाषेकडे लागतो.

मोठा पाठ किंवा परिसर अभ्यासाचा घटक शिकवताना तीन टप्पे करा. दहा मिनिटे कोरकूत गप्पा, विषय काय आहे आणि मुलांना त्यातले काय माहीत आहे यावर. वीस मिनिटे मराठीत पाठ, चित्रे आणि वस्तूंसह, मध्ये एकही कोरकू वाक्य नाही. शेवटी दहा मिनिटे पुन्हा कोरकूत, काय कळले ते मुलांनी सांगायचे. भाषांतरापेक्षा वेळ जास्त लागत नाही, आणि मधली वीस मिनिटे खरोखर मराठीची होतात.

वाचायला शिकणे कोरकूतून सुरू करा. इथे एक मोठी सोय आहे : कोरकूसाठी देवनागरीच वापरली जाते. कोरकूत शिकलेले क, म, र मराठीत तसेच चालतात. लिपी दुसऱ्यांदा शिकवावी लागत नाही. मूल वाचायला एकदाच शिकते. अक्षरांतून शब्द आणि शब्दातून अर्थ निघतो ही किल्ली त्याला सापडायची असेल, तर निघालेला शब्द ओळखीचा हवा. ‘डा’ वाचल्यावर पाणी दिसते, ‘उरा’ वाचल्यावर घर, ‘कूला’ वाचल्यावर वाघ, आणि मूल मान वर करून हसते. ‘छत्री’च्या छ-त्-री ला ते होत नाही, कारण जोडून तयार झालेला आवाज त्याच्या डोक्यात कुठेच नसतो.

पुस्तक नसल्याने अडू नका. सोमवारी गोलात एक विषय काढा : काल नदीवर काय झाले. एका मुलाने एक वाक्य सांगायचे, कोरकू येणाऱ्या ताईंनी ते सावकाश पुन्हा म्हणायचे, तुम्ही मोठ्या कागदावर देवनागरीत लिहायचे. चार-पाच वाक्ये पुरेत. अक्षर बोटभर उंच, ओळींत भरपूर अंतर. ताईंनी बोट फिरवत वाचायचे, मग सगळ्यांनी. मंगळवारी त्याच वाक्यांच्या पट्ट्या कापून क्रम लावणे. बुधवारी शब्दांच्या पट्ट्या. गुरुवारी त्यातली दोन अक्षरे आणि त्यांच्यापासून होणारे दुसरे कोरकू शब्द. शुक्रवारी मुलांनी स्वतःचे एक वाक्य लिहायचे, जमेल तसे. आठवड्याला एक मजकूर झाला तरी वर्षाअखेर तीसएक कागद होतात. ते मधोमध शिवले की वर्गाचे पुस्तक तयार. अक्षरांचा क्रम मराठी बाराखडीचा नको. गावातल्या कोरकूत वारंवार येणारे आठ-दहा व्यंजन आणि आ, इ, उ, ए यांच्या मात्रा आधी घ्या. ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ष’ यांची घाई कशाला?

लिहिताना दोन भांडणे हमखास उभी राहतात. एक, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दाच्या शेवटी तुटल्यासारखा येणारा ध्वनी कसा दाखवायचा. दुसरे, ‘आमच्या गावात असे म्हणत नाहीत’. दोन्ही ठिकाणी एकच उपाय : वर्गासाठी एक रीत ठरवा, भिंतीवर लावा, तीच वापरा. लिहिलेले गावातल्या दोन मोठ्या माणसांना वाचून दाखवा. ती जिथे अडखळतील तिथे बदला. कोरकूची प्रमाण लेखनपद्धती तयार होईपर्यंत थांबायचे म्हटले तर आत्ताची पहिली दहावी होऊन जाईल.

मराठी वाचन कधी सुरू करायचे? दोन खुणा पाहा. मूल कोरकूतले न पाहिलेले वीसेक सोपे शब्द स्वतः वाचून अर्थ सांगते, आणि तोंडी मराठीत अडीचशे-तीनशे शब्द व साध्या सूचना त्याला कळतात. बहुतेक मुलांना हे पहिलीच्या दुसऱ्या सत्रात कधीतरी जमते, काहींना दुसरीत. मराठीत पहिल्यांदा फक्त तेच शब्द वाचायला द्या जे तोंडी पक्के आहेत. अक्षरे ओळखीची असल्याने दोन-तीन आठवड्यांत वेग येतो. कोरकूत न लागलेली अक्षरे, जोडाक्षरे आणि अनुस्वार मग एकेक करून. इथे एक घातक सवय मध्ये येते : मराठी सुरू झाली की पुन्हा ‘अ अननसाचा’पासून गाडी काढायची. अक्षरे येत असलेल्या मुलाला सहा महिने मागे नेण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

आणि मराठी वाचता आले म्हणून कोरकूचा तास बंद करू नका. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला भेद इथे कामाचा आहे : नव्या भाषेत रोजचे बोलणे एक-दोन वर्षांत येते, पण त्या भाषेतून अभ्यास समजायला पाच ते सात वर्षे लागतात. पहिलीतले मूल मधल्या सुट्टीत मराठीत भांडू लागले की आपण समजतो, काम झाले. तिसरीत ‘बाष्पीभवन’ आले की ते मूल पुन्हा गप्प. चौथी-पाचवीपर्यंत नवी संकल्पना आधी कोरकूत बोलून घेणे चालू राहिले पाहिजे.

गणितात वेगळीच गंमत आहे. कोरकू मुले एक ते दहा घरच्या भाषेत मोजू शकत असतील तर तिथूनच सुरू करा : मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, आणि दहाला गेल, उच्चार गावानुसार थोडे बदलतील. पण बाजारामुळे अनेक घरांत मोठे आकडे हिंदीत असतात, तेव्हा आधी ऐका आणि मग ठरवा. खरी ठेच एकवीस ते नव्व्याण्णवमध्ये लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘साठ दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी कारणे सांगितली, पण ती ऐकणारे थोडे. चेष्टा करणाऱ्यांची मातृभाषा मराठी होती, एवढेच म्हणतो. ज्याला त्रेसष्ट आणि छत्तीस दोन्ही सारखेच परके, त्या मुलाला ‘साठ तीन’ म्हणू द्या. स्थानिक किंमत पक्की झाली की रूढ नावे गाण्यासारखी पाठ करून घेता येतात. दशकांचे जुडगे आणि सुट्या काड्या समोर हव्याच.

मूल्यमापनात भाषा आणि समज वेगळी मोजा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत साक्षरता मोहिमेचे दुसरीअखेरचे उद्दिष्ट मिनिटाला ४५ ते ६० शब्द असे आहे, आणि त्यात अर्थासह हा भाग आहे. तपासणीला मात्र घड्याळच लावले जाते. अर्थ न कळता पन्नास शब्द वाचणारी मुले तयार करणे अवघड नाही, एकच उतारा महिनाभर घोकला की झाले. म्हणून वाचनानंतर तीन प्रश्न विचारा आणि उत्तर कोरकूत दिले तरी पूर्ण गुण द्या. शेजारी वेगळ्या रकान्यात मराठीत उत्तर दिले का, याची खूण करा. तीन महिन्यांनी हे दोन रकाने शेजारी ठेवले की कोणाला समजते पण सांगता येत नाही आणि कोणाला समजतच नाही, हे स्पष्ट दिसते. दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी आहे. श्रुतलेखनावर फार जाऊ नका. न समजलेल्या भाषेतले श्रुतलेखन म्हणजे कानांची कसरत.

‘वर्गात मराठीच’ या सूचनेबद्दल. ती तोंडी असेल तर लेखी मागू नका, उगाच भिंत उभी राहते. संविधानाचे अनुच्छेद ३५०-क १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २९(२)(च) म्हणते की शिक्षणाचे माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण परिच्छेद ४.११ मध्ये किमान पाचवीपर्यंत हेच सुचवते, आणि पायाभूत स्तराचा २०२२ चा अभ्यासक्रम आराखडा मुलाच्या सर्वांत ओळखीच्या भाषेतून साक्षरता सुरू करायला सांगतो. पण यांत ‘प्रयत्न करावा’, ‘शक्य तिथवर’ असे शब्द आहेत, आणि तिथेच पळवाट आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात म्हटले की मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि खासगी विनाअनुदानित शाळांवर सरकार माध्यम लादू शकत नाही. म्हणजे कायद्याचा आधार तुम्हाला संरक्षण देतो, कोणाला भाग पाडत नाही. केंद्रप्रमुखांशी वाद घालण्यापेक्षा टाचणात दोन्ही तासिका स्वच्छ लिहा, वरची दोन कलमे पहिल्या पानावर ठेवा, आणि तपासणीच्या दिवशी मराठीचा तास दाखवा. मुले मराठी सूचनेवर धावताना दिसली की आक्षेप बहुधा तिथेच विरतो.

पालकांचा आक्षेप जास्त खरा असतो. ‘कोरकू घरी येतेच, शाळेत मराठी शिकवा, जमल्यास इंग्रजी.’ त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. तहसीलमध्ये, दवाखान्यात, बँकेत कोरकूने त्यांची कामे झालेली नाहीत. त्यांना अस्मितेवर भाषण देऊ नका. मराठीचा रोजचा तास वेळापत्रकात मोठ्या अक्षरांत दाखवा आणि दिवाळीच्या आधी एकदा बोलावून मुलाला त्यांच्यासमोर वाचू द्या, आधी कोरकू कागद, मग मराठी सूचना. इंग्रजी पहिलीपासून २००० सालापासून आहेच. ती या वयात गाणी आणि वस्तूंच्या नावांपुरती ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये बदलला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या साऱ्या गदारोळात ‘तिसरी भाषा’ हा शब्द सतत ऐकू आला. मेळघाटातल्या मुलासाठी मोजणी वेगळी आहे : कोरकू पहिली, मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी, आणि धारणीच्या बाजारातली हिंदी मोजणीत नसूनही रोजची. त्रिभाषा सूत्र मांडणाऱ्यांच्या हिशेबात घरची भाषा शाळेची भाषाच असते.

तुमच्या २४ पैकी उरलेली पाच मुले कोरकू नाहीत, ती गवळी किंवा गोंड कुटुंबांतली असतील. कोरकूच्या तासाला त्यांना बाहेर काढू नका; मुले एकमेकांची भाषा आपल्यापेक्षा भराभर उचलतात. पण त्यांच्या वाचनाची सुरुवात कोरकूतून नको. त्यांच्यासाठी त्यांच्या घरच्या बोलीतली वाक्ये लिहून घ्या, निदान आठवड्यातून दोनदा.

हीच पद्धत नंदुरबारला जशीच्या तशी नेऊ नये. भिली, पावरी या मराठीसारख्याच आर्य कुळातल्या. मुलाला मराठी अर्धवट कळते, आणि धोका उलटा असतो : शिक्षक त्याची भाषा ‘अशुद्ध मराठी’ समजून दुरुस्त करत बसतात. तिथे तोंडी मराठीला कमी आठवडे पुरतात, वेळ घालवावा लागतो तो सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने फसवणाऱ्या शब्दांवर. गडचिरोलीची गोंडी आणि माडिया द्राविड कुळातल्या, म्हणून तिथला कार्यक्रम मेळघाटाच्या जवळचा. त्या जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच सुरू केली, आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत पहिलीची पुस्तके करून हा कार्यक्रम सरकारी शाळांत आणला आणि पुढे भाषा २१ पर्यंत वाढवल्या. अशा मोठ्या कार्यक्रमांत पुस्तक असते, पण भाषा येणारा शिक्षक दुसऱ्याच गावी नेमला जातो. तुमच्याकडे उलट आहे, पुस्तक नाही पण माणूस गावात आहे. त्यातल्या त्यात ही स्थिती बरी.

वर्षाचे नियोजन कागदावर सुंदर दिसते, पण दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. मेळघाटात होळी हाच मोठा सण, त्या आठवड्यात पट भरतो पण शिकवणे होत नाही. नवा भाग जून-जुलै ते दिवाळी आणि होळीनंतरचे आठवडे यांत बसवा. मधल्या काळात उरलेल्यांची उजळणी आणि गेलेल्या मुलांसोबत तीन-चार कोरकू कागदांच्या झेरॉक्स. ऊसतोडीवर किंवा वीटभट्टीवर मोठी बहीण वाचून दाखवू शकते. परतल्यावर त्यांची दहा सूचनांची चाचणी पुन्हा घ्या, गट बदललेला असतो.

शेवटचे काम बदलीचे. ऑनलाइन बदल्यांत तुम्ही दोन-तीन वर्षांत जाल, आणि नवे शिक्षक आल्यावर हे सगळे एका दिवसात थांबेल. म्हणून पहिल्या दिवसापासून एक पेटी ठेवा. तिच्यात मुलांचे भाषा-कागद, शिवलेली मजकुरांची पुस्तके, लिहिण्याची ठरलेली रीत, आठवड्यांनुसार मराठी शब्दांच्या याद्या, तुमच्या पन्नास कोरकू वाक्यांची वही आणि ताईंचे नाव. पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, तिला कुलूप लागते. ती वर्गात, मुलांच्या हाताला येईल अशी ठेवा आणि साठा नोंदवहीत चढवा. नोंद नसलेली वस्तू पुढच्या रंगरंगोटीत रद्दीत जाते.